विसणाचा हात

आमच्या गावात बाई आजी झाली की नाही, हे तिच्या पायांवरून ठरायचं. केस पिकले, लेकाचं लग्न झालं, सुनेला लेकरू झालं, तरी एवढ्यानं भागत नसे. न्हाणीतल्या दगडावर बसून, पाय लांब पसरून, नातवंडाला नडग्यांवर निजवून तिनं आंघोळ घातली, की मग ती खरी आजी. चार बायका ओट्यावर बसल्या की एकमेकींना विचारायच्या, "तुमच्या पायावर किती न्हाली?" कुणी सात सांगायची, कुणी नऊ. माझ्या सासूबाई तर हा प्रश्न कोण विचारतंय याची वाटच बघत बसायच्या. त्यांचा आकडा तेवीस होता. घरची, दिरांची, भाऊबंदांची, शेजारपाजारची, सगळी धरून तेवीस. आकडा सांगितला की त्या पदर सावरायच्या आणि पुढची बाई बोलायची थांबायची.

माझा आकडा शून्य होता. मला चार लेकरं झाली, चारी जगली, मोठी झाली. पण त्यांतल्या एकालाही मी माझ्या पायावर न्हाऊ घातलं नव्हतं.

माझी आई मी लहान असतानाच गेली. त्यामुळे माझी चारी बाळंतपणं सासरीच झाली. सव्वा महिना तर बाळंतिणीनं वाकायचंच नसतं, म्हणून सासूबाई न्हाऊ घालायच्या. ते बरोबरच होतं. पण सव्वा महिना झाला तरी दगडावर त्याच बसायच्या. एकदा मी, "आज मी घालू का?" असं विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "तुझ्या हाताला बळ न्हाई. तू पानी बघ." मग मी पाणी बघत राहिले. आडावरून ओढून आणायचं, चुलाणावर तापवायचं, त्यात गार पाण्याचं विसण घालून बेताचं करायचं आणि तांब्या हातात घेऊन त्यांच्या शेजारी उभं राहायचं. त्या म्हणायच्या, "वत." मी ओतायची. त्या म्हणायच्या, "थांब." मी थांबायची. माझं लेकरू त्यांच्या पायावर रडायचं आणि मी तांब्या धरून उभी.

मी मुळात कमी बोलणारी. चौथीपर्यंत शाळा झाली, पण शाळेतही माझा आवाज मास्तरांनी कधी ऐकला नसेल. चारचौघांत माझे ओठ हलतात पण शब्द बाहेर येत नाहीत, हे मला लहानपणापासून माहीत आहे. त्यामुळे मी पुन्हा कधी विचारलं नाही.

मग बहात्तरचा दुष्काळ आला आणि त्याच वर्षी मार्गशीर्षात सुनेला मुलगी झाली.

आमचं गाव सुप्याच्या अलीकडे, माळावर. सुनेचं माहेर पुणतांब्याला, गोदावरीच्या काठाला. पहिलं बाळंतपण तिकडंच झालं. बारशाला आम्ही गेलो ते मी, मालक आणि लेक. लेक तेव्हा भिंगारला मिलिटरीच्या कारखान्यात कामाला होता आणि तिघांत मिळून एका खोलीत राहत होता. बायको-लेकराला तिथं नेण्याची सोय नव्हती. ती दोघं आमच्याकडेच राहायची, असं आधीपासून ठरलेलं. सासूबाई मात्र बारशाला येऊ शकल्या नाहीत. दिवाळीच्या आधी आडाच्या पायरीवरून त्या पडल्या आणि त्यांचा खुबा मोडला. हाडवैद्यानं पाला बांधला, पण पाय काही पुन्हा सरळ होईना. त्या बाजेवरच असायच्या.

विहीणबाई अंगानं भरलेल्या, आवाजानं मोठ्या. वाईट बाई नव्हती. त्यांनी त्या दिवशी नातीला न्हाऊ घातलं ते मी दारातून बघितलं. दोन बादल्या कढत पाणी, त्यावर आणखी एक घंगाळ. दुष्काळ त्यांच्याकडेही होता, पण नदीच्या वाळूत खड्डा उकरला की पाणी लागत होतं. पाळण्यात नाव ठेवून झालं, घुगऱ्या वाटल्या, आणि बायका बसल्या असताना विहीणबाईंनी विषय काढला.

"इहीणबाई, एक बोलू का? राग धरू नका. तुमच्याकडं प्यायला पानी न्हाई. तुमच्या सासूबाई आंथरुनावर. लेकराला न्हाऊ कोन घालनार? मी म्हनते, पोरगी आनि नात पाऊस पडूस्तोर हितंच ऱ्हाऊ द्या."

बायकांनी माना डोलावल्या. बाहेर पडवीत बसलेले आमचे मालक तिकडूनच म्हणाले, "बराबर हाय त्यांचं." लेक खाली बघत होता. सून माझ्याकडे बघत होती.

पाऊस पडेपर्यंत म्हणजे आखाड. तोवर नात बसती झाली असती. बसत्या लेकराला कुणी पायावर घेत नाही, त्याला पाटावर बसवून आंघोळ घालतात. माझी लेकरं माझ्या पायावरून गेली नव्हती, आता नातही जाणार होती. पुढं दुसरं नातवंड होईल न होईल, झालं तर पुन्हा असंच काही निघेल. मला कळायच्या आत मी बोलले.

"मी घालीन."

सगळ्या बायका माझ्याकडे वळल्या. माझा आवाज त्या घरात पहिल्यांदाच ऐकू आला होता.

"कोन, तुमी?" विहीणबाई म्हणाल्या. "आजवर किती न्हाऊ घातलीत?"

"चार," मी म्हणाले. "माझीच."

खोटं बोलायची मला सवय नाही. विहीणबाईंनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि हसल्या. "बरं तर. शिमग्याच्या आधी मी सोताच सोडाया येते. आठ दिस ऱ्हाते, तुमचा हात बघते. पटला तर दोघींना ठिवून जाते. न्हाई पटला तर दोघींना घिऊन माघारी. चाललं?"

त्या हसत बोलल्या, पण ती थट्टा नव्हती.

निघताना त्यांनी खणानारळाबरोबर नदीकाठच्या मळईतलं एक डांगर दिलं. लाल भोपळ्याला आमच्याकडे डांगर म्हणतात. चांगलं वजनदार होतं. गाडीत ते मी मांडीवर घेतलं. नगर मागं पडल्यावर खड्ड्यांचा रस्ता लागला आणि माझ्या लक्षात आलं, माझा डावा हात आपोआप डांगराच्या देठाखाली गेला होता. मानेखाली जातो तसा.

घरी आल्यावर मी ते डांगर चिरलं नाही.

त्या वर्षी भाजी डोळ्याला दिसत नव्हती. रेशनवर मिळणाऱ्या परदेशी मिलो ज्वारीच्या लाल भाकरी आणि वर मिरचीचा ठेचा, एवढंच. आम्ही नवरा-बायको रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात होतो. पाणी भरणं माझ्याकडे, त्यामुळे मी कामावर दुपार कलल्यावर जायची. विहिरीच्या तळाशी उतरून वाटीनं पाणी भरायचं आणि दोन घागरी घेऊन वर यायचं, याला निम्मा दिवस जायचा. त्यानंतर न्हाणीच्या कुडाआड जाऊन मी दगडावर बसायची, पाय पसरायची आणि डांगर नडग्यांवर घ्यायची. पाणी वाया घालवणं शक्यच नव्हतं. रिकामा तांब्या घेऊन मी ओतल्यासारखं करायची. डांगराला मान नसते, म्हणून चिंध्यांचं एक गाठोडं करून ते फडक्यानं त्याला बांधलं होतं. त्या गाठोड्याखाली डावा हात धरायचा, उजव्या हातानं चोळायचं, मग अलगद पालथं करायचं. पहिल्या दिवशी पालथं करताना ते घरंगळलं आणि थेट मोरीत गेलं. मी घाबरून उचललं आणि त्याला कुठं लागलं का ते बघितलं.

चार दिवसांनी मालकांनी विचारलं, "डांगर कधी चिरायचं?"

"पिकू द्या जरा."

"ते पिकल्यालंच हाय की."

मी ठेचा पुढं सारला. आठ दिवसांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा ठेचा पुढं सारला. मग एक दिवस खडी फोडताना त्यांचा अंगठा ठेचला आणि ते भरदुपारी घरी आले. अंगठा धुवायला थेट न्हाणीकडे वळले. मी पाय पसरून बसलेली, पायावर डांगर, डांगराला चिंध्यांचं डोकं, हातात रिकामा तांब्या.

त्यांनी डांगराकडे बघितलं. मग म्हणाले, "त्येला ताप-बीप आलाय का?"

मी तांब्या खाली ठेवला. त्यांनी अंगठ्याला चिंधी मागितली. मी गाठोड्यातलीच एक काढून दिली. ते निघून गेले. त्यानंतर त्यांनी त्या डांगराचं नाव काढलं नाही. रोज ठेचा-भाकरी खाल्ली. माझ्या मालकांनी मला लुगडं-चोळी आणली, जत्रेत बांगड्या भरल्या, ते सगळं मी विसरेन. पण त्यांनी त्या दिवसांत डांगर मागितलं नाही, हे विसरणार नाही.

सासूबाईंची गोष्ट वेगळी. त्यांना डोळ्यांनी धड दिसत नव्हतं, पण कान तिखट. त्यांची बाज पडवीत, न्हाणी तिथून दहा पावलांवर. माझं चालू झालं की त्या तिकडून बोलायच्या.

"झालं का गं लेकरू? नाक पुसलंस का त्येचं?"

मी तांब्या डोक्याकडे नेला.

"तांब्या कानापाशी वाजला. पानी कानात ग्येलं त्येच्या. आता रात्रभर रडंल डांगर."

दुसऱ्या दिवशी मी तांब्या खांद्याच्या बाजूनं वळवला.

"पालथं करताना थांबलीस. भ्यालीस व्हय? भ्याल्याल्या हातातनं लेकरू निसटतं."

त्याच्या पुढच्या दिवशी मी न थांबता पालथं केलं. त्या हिणवतात की शिकवतात, हे मला कळत नव्हतं. एकदा धीर करून मी बाजेजवळ गेले आणि विचारलं, "आत्याबाई, पालथं करताना डावा हात छातीखाली का हनुवटीखाली?"

त्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं. "मला काय इचारतीस? चार न्हाऊ घातल्यात न्हवं तू?"

बारशातली गोष्ट मालकांनी त्यांना सांगितली होती. मी तशीच माघारी फिरले. न्हाणीपर्यंत पोचले तेव्हा मागून आवाज आला, "छातीखाली. हनुवटी मोकळी ऱ्हायला पायजे. श्वास कुठनं घील ते?"

शिमग्याला आठ दिवस असताना विहीणबाई आल्या. एसटीतून आधी त्यांची बोचकी उतरली, मग त्या, मग सून आणि तिच्या कुशीत नात. अडीच महिन्यांची झाली होती. गोरीगोमटी, हातापायांना वळ्या. दारात भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला आणि नात घरात आली. सासूबाईंनी तिला छातीवर घेऊन चाचपली. डोकं, पाठ, टाचा. म्हणाल्या, "चांगलं तेल प्यायलंय अंग." विहीणबाईंचा चेहरा फुलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ. बातमी गल्लीत गेलीच होती. माझी जाऊ आणि शेजारच्या तिघी-चौघी काहीतरी मागायचं निमित्त काढून आल्या आणि न्हाणीपाशी उभ्या राहिल्या. सासूबाई म्हणाल्या, "माजी बाज हिकडं वढा." ओढली.

आंघोळीला एकच घागर होती. अर्धी मी चुलाणावर तापवली होती, अर्धी विसणाला ठेवली होती. विहीणबाईंनी घागरीत डोकावून बघितलं. "एवढंच? एवढ्यात तर भांडीबी व्हायची न्हाईत."

"होईल," मी म्हणाले.

दगडाखाली मी घमेलं सारलं. पायावरून उतरलेलं पाणी त्यात पडावं, आणि त्यात मागून लंगोट धुवावेत, असा माझा हिशेब. जाऊ म्हणाली, "बाई, ही लेकराला न्हाऊ घालनार का घमेल्याला?" बायका हसल्या.

विहीणबाईंनी पुढं होऊन स्वतःच पाणी बेताचं केलं. बोट बुडवलं आणि म्हणाल्या, "हं. बरं हाय."

मी कोपर बुडवलं. कढत होतं.

"गरम हाय," मी म्हणाले.

"आमच्याकडं तिला आसंच लागतं."

"तुमच्याकडं नदीचा गारवा हाय. हितं माळाचं ऊन. तिच्या कातडीला सोसायचं न्हाई."

एका दमात इतके शब्द मी विहीणबाईंशी कधी बोलले नव्हते. त्या बघत राहिल्या. मी विसण घातलं, कोपर बुडवलं. आणखी अर्धी ओंजळ घातलं. आता ठीक होतं.

मग मी बसले. लुगडं गुडघ्यांवर घेतलं, पाय पसरले, जुळवले. सुनेनं नातीला माझ्या नडग्यांवर निजवलं. तिचं डोकं माझ्या घोट्यांपाशी आणि इवले पाय माझ्या पोटाकडे. ती ऊन होती. डांगर कधी ऊन नव्हतं. हे एक माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

तेल लावलं. छाती, पोट, दंड. तिनं पाय झाडले. डांगरानं पाय झाडले नव्हते. तेलकट अंग माझ्या नडग्यांवरून डावीकडे सरकलं. कुणीतरी "आगं" म्हणालं. माझे गुडघे आपोआप आवळले आणि तिला धरलं. ती घाबरली आणि रडायला लागली. तोंड लाल, मग जांभळं. मी तशीच डाळीचं पीठ आणि साय लावत राहिले. विहीणबाई एक पाऊल पुढं आल्या. मला त्यांचा पदर दिसत होता, तोंड दिसत नव्हतं. मी बाजेकडे कान दिला. जी बाई डांगराच्या आंघोळीला रोज बोलत होती, ती आज काही बोलत नव्हती.

"वता कुनीतरी," विहीणबाई म्हणाल्या. सुनेनं तांब्या उचलला आणि भसकन ओतला. निम्मं पाणी घमेल्याबाहेर, थोडं नातीच्या तोंडावर. ती आणखीच कळवळली.

"दे हिकडं," मी म्हणाले आणि तांब्या स्वतःच्या हातात घेतला.

डावा हात तिच्या मानेखाली. उजव्या हातात तांब्या. मी बारीक धार छातीवर सोडली. ती थांबली. तोंड उघडंच, डोळे माझ्याकडे, काहीतरी ऐकत असल्यासारखी. मी धार खाली आणली, पोटावरून मांड्यांवर. पुन्हा वर. तांब्या ठेवून तळहातानं चोळलं, पुन्हा तांब्या. कुठं थांबायचं, कुठं सोडायचं, हे मी ठरवत नव्हते, हातच ठरवत होता. आणि तिथं त्या दगडावर मला आठवलं, पहिल्या लेकराच्या वेळी सासूबाई "वत" आणि "थांब" म्हणायच्या. पण चौथ्याच्या वेळी त्या काहीच म्हणत नव्हत्या. त्या नुसता हात फिरवायच्या आणि पाणी बरोबर तिथं पडायचं. त्या गप्प कधी झाल्या, हे मला तेव्हा कळलंच नव्हतं.

पालथं केलं. थांबले नाही. डावा हात छातीखाली, हनुवटी मोकळी. पाठीवरून धार सोडली, तळहातानं शेकलं. ती हुंकारली. डोकं धुताना कपाळावर वळचणीसारखा हात धरला, थेंबही डोळ्यांत गेला नाही. शेवटचं अर्धा तांब्या पाणी तिच्याभोवती ओवाळलं आणि टाकायच्या ऐवजी घमेल्यात सोडलं. सुनेनं पंच्यात गुंडाळली. शेपा-ओव्याची धुरी दाखवून काजळ घालेपर्यंत नात झोपली होती.

घागरीत अजून चार बोटं पाणी शिल्लक होतं.

विहीणबाईंनी नातीच्या गालाला बोट लावून बघितलं, कानामागं बघितलं, मांडीच्या वळीत बघितलं. कुठं पीठ राहिलं नव्हतं. मग माझ्यासमोर उकिडव्या बसल्या.

"निजली खरी. पन इहीणबाई, सुरवातीला हात नवखा वाटला मला. लेकरू सरकलं तुमचं. आता खरं सांगा, न्हाऊ किती घातलीत?"

सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. माझ्या पायांवर अजून तेल होतं. खोटं एकदा बोलले होते, दुसऱ्यांदा बोलणं होईना. मी तोंड उघडलं, "मी..."

"ती काय सांगती? मला इचारा," बाजेवरून सासूबाई म्हणाल्या.

विहीणबाई वळल्या.

"तिची चारी तिनंच न्हाऊ घातली. मी नुसती पाय पसरून बसत हुते."

बायका हसल्या. सासूबाई हसल्या नाहीत. "हसताय काय? पानी वढून आनायची ती, तापवायची ती, विसन घालायची ती, वतायची ती. मला तर विसनाचं कदी जमलंच न्हाई. तिच्या आदीची लेकरं माज्या पायावर भाजून वरडायची. मग सांगा, न्हाऊ घातलं कुनी? माज्या नडग्यांनी?"

मी खाली बघितलं. पंचवीस वर्षं मी त्या बाईच्या घरात होते. माझ्या विसणाबद्दल त्यांनी तोंडातून चांगला-वाईट शब्द काढला नव्हता. मला वाटायचं, त्यांच्या ध्यानातही नसेल. डोळ्यांना धार लागली, आणि मी ती पुसली नाही, कारण हातांना तेल होतं.

विहीणबाई आठ दिवस राहायला आल्या होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी बोचकं बांधलं. लेकीला म्हणाल्या, "हितं माजं काम न्हाई." त्या तिन्ही दिवशी त्यांनी माझ्याशेजारी बसून आंघोळ बघितली. गाडीत चढायच्या आधी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "इहीणबाई, एवढ्याशा पान्यात पीठ निगतं कसं वो? आमचीबी विहीर आता तळाला लागलीय." मी त्यांना सांगितलं, आधी कोरड्या हातानं पीठ मळून काढायचं, पाणी मागून. त्या मान डोलावत गाडीत चढल्या.

घरी येऊन मी विळी मांडली. मालक खडीवरून आले तेव्हा सगळ्या घरात गुळाचा आणि तेलाचा वास होता. त्या दिवशी मी डांगराचे घारगे केले. मालकांनी पहिला घारगा हातात घेतला, उलटसुलट करून बघितला आणि म्हणाले, "न्हाऊन-माखून आल्यालं दिसतंय." सून माझ्याकडे बघायला लागली. मग तिला सगळं सांगावं लागलं. ती इतकी हसली की कुशीतली नात जागी झाली.

त्या उन्हाळ्यात मी रोज नातीला न्हाऊ घालून मग खडीवर जायची. सून शेजारी तांब्या घेऊन उभी राहायची. मी तिला "वत" म्हणायची, "थांब" म्हणायची. महिना गेला. एक दिवस ती म्हणाली, "आई, आज मी बसू का?"

"तुझ्या हाताला..." एवढं माझ्या तोंडातून गेलं. पुढचे शब्द तयारच होते. कुठून आले ते मला माहीत होतं. मी तिच्या हातांकडे बघितलं. चांगले भरीव हात होते. माझ्या मनात खूप काही येऊन गेलं. इतक्या वर्षांनी मिळालेला दगड, इतक्या लवकर सोडायचा? मग मी उठले, तिला दगडावर बसवलं आणि तांब्या घेऊन शेजारी उभी राहिले. नात तिच्या पायावर गेली. तिनं आधी मानेखाली हात घातला. मी काहीच सांगितलं नाही. मी विसण घातलं, कोपर बुडवलं आणि ओतलं. दगडावर बसलं काय आणि शेजारी उभं राहिलं काय, आजी मी होतेच. हे मला त्या दिवशी कळलं. त्यानंतर आम्ही आळीपाळीनं बसायचो, एक दिवस ती, एक दिवस मी.

आखाडात पाऊस झाला. ओढ्याला पाणी आलं, विहिरीला आलं. नात बसती झाली आणि पायावरची आंघोळ संपली. एके दिवशी दुपारी गल्लीतल्या बायका आमच्या ओट्यावर जमल्या होत्या. सासूबाईंची बाज आम्ही बाहेर आणली होती. शेजारणीची नवी सून नुकतीच गावात आलेली, तिला काही माहीत नव्हतं. तिनं सासूबाईंना विचारलं, "आजी, तुमच्या पायावर किती न्हाली?"

मी सूप घेऊन दारात थांबले. तेवीस ऐकायची सगळ्यांना सवय होती.

"एकोणीस," सासूबाई म्हणाल्या.

जाऊ म्हणाली, "आत्याबाई, तेवीस न्हवं का? ईसरलात व्हय?"

"ईसरले न्हाई. एकोणीस." त्यांनी पदर सावरला आणि हातातली काठी दाराकडे केली. "हिची पाच. डांगर धरलं तर सहा."